परक्या पोरांची हाडं

आधी चित्र बघा. 1 ऑक्टोबर 1941. न्यूयॉर्कचं 'पीएम' नावाचं दैनिक. एक आई दोन लेकरांना गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवतेय. पुस्तकातला लांडगा म्हणजे अॅडॉल्फ. आईच्या छातीवर 'अमेरिका फर्स्ट' अशी अक्षरं. लांडग्यानं पोरं चावली, हाडं थुंकून टाकली, पण ती पोरं परकी होती, तेव्हा काही बिघडलं नाही, असं ती बया निवांत सांगतेय. काढणारा थिओडोर गायझेल, म्हणजे मुलांच्या पुस्तकांनी पुढं जगभर गाजलेला डॉक्टर स्यूस.

किळस आली? येऊ द्या. पण किळस चित्राची की घडलेल्या गोष्टीची? मे 1939 मध्ये 'सेंट लुई' जहाज 937 माणसं घेऊन हॅम्बुर्गहून निघालं. बहुतेक सगळे ज्यू. क्युबानं मोजकी उतरवून घेतली, बाकीच्यांना हाकललं. अमेरिकेनंही दार उघडलं नाही. मायामीचा किनारा दिसत असताना जहाज परत फिरलं. त्यातली 254 माणसं पुढं नाझींच्या कत्तलीत गेली. त्याच साली जर्मनीतली 20,000 पोरं आणून सांभाळायचं एक बिल अमेरिकेत मांडलं होतं. पोरं! कुणाची नोकरी खाणार होती ती? बिल समितीतच कुजलं. पेपर येत होता, लोक वाचत होते, कॉफी पीत होते. गायझेलनं त्या कॉफीच्या कपात हाडं टाकली.

पण दोस्तहो, एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. पुढचं ऐका. 13 फेब्रुवारी 1942. तेच दैनिक, तोच हात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी माणसांची लांबच लांब रांग, सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले, आणि प्रत्येकाला स्फोटकांचं पुडकं वाटलं जातंय. सहा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं हुकूम काढला. सुमारे 1,20,000 जपानी वंशाची माणसं घरंदारं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत गेली. दोनतृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक. सरकारनं रीतसर माफी मागितली ती 1988 ला. परक्या पोरांसाठी पेटणाऱ्या माणसाला शेजारचं पोर परकं दिसलं. कळवळा वरून खाली येतो तेव्हा कुणापाशी थांबायचं ते तोच ठरवतो. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

नाजी अल-अलीचं तसं नव्हतं. गॅलिलीतल्या अल-शजरा गावचा हा पोरगा 1948 ला उखडला गेला आणि लेबनॉनमधल्या ऐन अल-हिलवे छावणीत वाढला. 1969 ला कुवेतच्या पेपरात त्यानं हंदाला आणला. दहा वर्षांचं पोरगं, अनवाणी, ठिगळांचे कपडे, साळिंदरासारखे उभे केस. नाव कडू फळावरून, आपल्याकडचं कडू वृंदावन. 1973 नंतर हंदालानं पाठ फिरवली, हात मागं बांधले, आणि परत कधी तोंड दाखवलं नाही. गावी परतेपर्यंत तो दहाचाच राहणार. रेषा इतक्या साध्या की स्टेन्सिलवर सुईनं कोरता येतील. त्याच्यासमोर इस्रायलचे बंदूकवाले तर असतच, पण तेलानं तट्ट फुगलेले अरब राजे आणि निर्वासितांच्या नावानं खुर्च्या उबवणारे पुढारीही असत. स्वतःच्या माणसांनाही सोडलं नाही, म्हणून धमक्या सगळीकडून. 22 जुलै 1987 ला लंडनमध्ये पेपरच्या कचेरीबाहेर त्याला गोळी घातली. 29 ऑगस्टला गेला. खून कुणावर शाबीत झाला नाही.

आता आपल्याकडं. 1946 ला बाबासाहेबांना घटना समितीत पाठवलं ते बंगालनं. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे नामशूद्र पाठीशी उभे राहिले म्हणून. फाळणीनंतर तेच नामशूद्र निर्वासित झाले, दंडकारण्याच्या खडकावर नेऊन टाकले. 1978 ला त्यातले हजारो लोक सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर आले. कुणापुढं हात पसरला नाही. बांध घातले, शाळा काढली, होड्या बांधल्या. जानेवारी 1979 ला गरिबांचं म्हणवणाऱ्या डाव्या सरकारनं बेटाला पोलिसांचा वेढा घातला. अन्न बंद, गोडं पाणी बंद. गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून उरलेल्यांना होड्यांत कोंबलं.

आदल्याच साली इकडं मराठवाड्यात नामांतरासाठी आपली घरं जळत होती. दोन आगींत वर्षाचंही अंतर नाही. मरिचझापीचं नाव आजही आपल्या किती शाखांच्या फळ्यावर लिहिलेलं आहे, ते ज्यानं त्यानं जाऊन बघावं.