ओटीपासून ओट्यापर्यंत

आमची जुनी इमारत पाडून तेथे नवी उभी राहिली, हे मंडळातील बहुतेक भगिनींना ठाऊक आहेच. नव्या जागेचा ताबा मिळाला तेव्हा सूनबाईने घर सजवून देणाऱ्या एका तरुण मुलीला बोलावून आणले. मुलगी हुशार आणि बोलण्यात गोड. ‘काकू, सध्या माझ्या सर्वांत आवडीच्या गोष्टी तुम्हांला दाखवते,’ असे म्हणून तिने एकेक चित्र पुढे ठेवले. जमिनीला नक्षीच्या सिमेंटच्या फरशा. बैठकीच्या खोलीत पितळी कड्यांचा झोपाळा. कोपऱ्यात पितळेचे घंगाळ आणि त्यात हिरवेगार झाड. एका भिंतीवर वारली चित्र. आणि शेवटी स्वयंपाकघराची भिंतच काढून टाकून बैठकीला जोडलेला मोकळा ओटा.

मला हसू आवरेना. यांतल्या बहुतेक गोष्टी मी पाहिलेल्या, वापरलेल्या आणि एक तर स्वतःच्या हाताने मोडीत घातलेली! त्याच आठवड्यात आपल्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला. म्हटले, घरसजावटीचा हा इतिहासच भगिनींपुढे मांडावा.

माझे आजोळ कोकणातले. घराला पुढे ओटी, मग पडवी, माजघर आणि सर्वांत मागे स्वयंपाकघर. ओटीवर झोपाळा, बैठक, पानाचे तबक. पाहुणा आला की तो ओटीवरच बसे, आणि घराची जी काही शोभा होती ती तेथेच होती. वाड्यांचेही तसेच. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधून पुरा केला. त्याच्या दर्शनी बाजूचे सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आजही लोक थांबून पाहतात. लोड, तक्के, झुंबरे, हंड्या, विलायती आरसे ही सारी सजावट बड्या घरांत दिवाणखान्यापर्यंत येऊन थांबे. मागच्या खोलीत चूल धुमसत असे आणि तिच्यापुढे पाटावर बसून, डोळे पुसत, घरातली बाई स्वयंपाक करी. त्या खोलीच्या भिंती काळ्याच असावयाच्या, यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

बायकांची म्हणून जी सजावट होती ती वेगळीच. सारवलेली जमीन, उंबऱ्यावरची रांगोळी, तुळशीपुढचे स्वस्तिक, चैत्रांगण. रोज काढावयाची आणि रोज पुसली जावयाची. तिला कोणी सजावट म्हणत नसे, काम म्हणत.

बाहेरची हवा घरात शिरू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी लाल कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरत गेली. पुढे १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. त्याची यंत्रे जर्मनीची होती, आणि नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तोवर रंगीत तसबीर ही श्रीमंतांची चीज होती. छापील लक्ष्मी-सरस्वती आल्या आणि साध्या घरांच्या भिंतीही बोलू लागल्या. मला या तसबिरींचे विशेष वाटते ते असे, की त्या ओटीवर न थांबता माजघरात आल्या. कित्येक घरांतल्या बायकांनी त्या लक्ष्मीला जर, टिकल्या आणि मणी लावून साडी नेसविली. बाजारातून आलेल्या वस्तूवर त्यांनी आपला हात फिरविला आणि ती आपली करून घेतली.

आता त्या नक्षीच्या फरशांची गोष्ट. पूर्वी त्या परदेशांतून येत. स्वदेशीच्या भावनेने १९२२ साली सिधवा घराण्याने ‘भारत’ फरशांचा उद्योग सुरू केला. ही फरशी भट्टीत भाजत नाहीत. नक्षीचे कप्पे असलेल्या धातूच्या साच्यात रंगीत सिमेंटचा पातळ गारा हाताने ओततात, वर सिमेंटचा थर देऊन यंत्राखाली दाबतात आणि मग पाण्याने मुरवतात. गिरगाव, दादर, माटुंग्याच्या जुन्या इमारतींत पाऊणशे वर्षे तुडविल्या गेलेल्या या फरशा अजून नव्यासारख्या दिसतात. भगिनींनो, फरशी ही नुसती शोभा नव्हती. माझी आजी वयाच्या साठीपर्यंत ओणवी होऊन घर सारवीत असे. ओल्या फडक्याने पुसून निघणारी जमीन तिच्या सुनांना मिळाली तेव्हा त्यांच्या कमरेला केवढा विसावा मिळाला! फॅशन म्हणून आलेल्या वस्तूने घरातल्या बाईचे काम हलके केले, याचे हे मला आठवणारे पहिले उदाहरण.

अर्थात सर्वांच्या नशिबी दिवाणखाना नव्हताच. मुंबईत १९२० ते १९२५ या काळात सरकारी विकास खात्याने, म्हणजे बी.डी.डी.ने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यातच चूल, त्यातच बिछाने आणि त्यातच लग्नाची बोलणी. मी स्वतः १९७३ साली लग्न होऊन आले ती गिरगावातल्या दोन खोल्यांत. तेथे सजावट म्हणजे मांडणी. भिंतीला ठोकलेल्या फळ्यांवर उतरत्या क्रमाने लावलेले पितळी डबे, तांबे, पातेली. चिंच आणि राख लावून ती अशी घासावयाची की दिवा लावला की निम्मा उजेड भांडीच देत. कल्हईवाला चाळीच्या चौकात बसे. भाता, नवसागराचा तो धूर, कथलाचा झरकन फिरणारा हात, आणि भोवती आम्ही बायका आपापली पातेली घेऊन उभ्या. शेजारणीच्या घरात शिरताना पहिली नजर मांडणीवर जाई. गृहिणीची परीक्षाच ती.

या चाळींपासून थोड्याच अंतरावर दुसरी मुंबई उभी राहत होती. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाकडची गोलाकार सज्ज्यांची घरे १९३० नंतरची. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविलेल्या मुंबईच्या इमारतींत ओव्हल आणि मरीन ड्राइव्हची ही घरे आहेत. या नव्या घरांत कसे राहावे, काय कोठे ठेवावे, हे लोकांना दाखविण्यासाठी भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने १९३७ साली मुंबईत ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरविले. आमच्याकडे आलेल्या त्या मुलीच्या धंद्याची ही आजीच म्हणावयाची. अशा नव्या पद्धतीच्या घरांतून, आणि पुढे सहकारी गृहसंस्थांच्या इमारतींतून, आपल्याकडे उभ्याचा ओटा रुळला.

ओट्याची गोष्ट सांगण्यासाठी थोडे दूर, जर्मनीत जावे लागेल. पहिल्या महायुद्धानंतर तेथे घरांची मोठी टंचाई झाली. फ्रँकफुर्ट शहराने कामकऱ्यांसाठी हजारो घरे बांधावयास काढली आणि त्यांतील स्वयंपाकघराची आखणी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंकडे आली. हे १९२६ साल. बाईंनी आगगाडीच्या भोजनडब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा अभ्यास केला आणि बाईची पावले किती पडतात, कोठे वाया जातात, हे तपासून अवघी १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशी खोली आखली. खिडकीपाशी बसून भाजी चिरण्याचे मेज, पीठ-साखरेसाठी ओतावयास सोपे पडतील असे धातूचे खण, भिंतीतून उघडणारी इस्त्रीची फळी. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे त्या शहरात बसविली गेली. पुढे नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल या बाई १९४१ ते १९४५ तुरुंगात होत्या, आणि २००० साली, शंभरी ओलांडून, त्यांचे निधन झाले.

या स्वयंपाकघरावर नंतर एक आक्षेप आला, तो ऐकण्यासारखा आहे. खोली इतकी बेताची की तीत एकच माणूस मावे. मदतीला दुसरे कोणी येऊ शकत नसे, आणि बाई आत एकटी पडे. पावले वाचली, पण सोबत गेली. आज बैठकीला जोडलेला जो मोकळा ओटा आपल्याला दाखवितात, त्याचे खरे समर्थन मला येथे सापडते. फोडणीचा वास सोफ्यापर्यंत जाणार, हे खरेच. पण चार माणसे हसत बसली असताना पोळ्या लाटणारीही त्या हसण्यात असणार, हे काय थोडे झाले?

आपल्याकडे बसून स्वयंपाक करण्याची रीत सुटली ती हळूहळू. चूल आणि शेगडी जमिनीवरची. वातीचा स्टोव्ह उंचावर ठेवता येई. मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्मा-शेलचा सिलिंडरमधला गॅस आला, १९५९ साली हॉकिन्सचा कुकर निघाला, आणि पाटावरची बाई उठून उभी राहिली. धूर गेला, भिंती पांढऱ्या झाल्या. घरसजावटीच्या पुस्तकांत याला कोणी सजावट म्हणणार नाही. पण मला विचाराल तर शंभर वर्षांत घरात झालेला सर्वांत मोठा पालट हाच.

ओट्यामागून स्टीलची भांडी आली आणि पितळेचे दिवस भरले. माझ्या सासूबाईंचे घंगाळ मी १९७८ साली वजनावर घातले आणि त्याच पैशांतून स्टीलचे डबे आणले. खोटे कशाला सांगू, त्या वेळी मला मुळीच वाईट वाटले नाही. चिंच-राखेतून हात सुटले याचाच आनंद होता. आता तसलेच घंगाळ, आतून बाहेरून चकचकीत करून, झाड लावण्यासाठी विकावयास आहे. त्याची किंमत ऐकली तेव्हा मात्र क्षणभर वाईट वाटले! आमच्यासारख्यांनी अशा वस्तू मोडीत घातल्या त्या काळात पुण्याचे दिनकर केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई गावोगाव हिंडून जुने दिवे, अडकित्ते, फणीकरंड्याच्या पेट्या, भांडी जमवीत होते. आज त्यांचे संग्रहालय पाहताना कळते की आपल्या आज्यांच्या हातातली साधी विळीसुद्धा कोणी किती मन लावून घडविली होती.

राहिले वारली चित्र. डहाणू, तलासरी, जव्हारकडे लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. हा चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा. १९७० नंतर ही चित्रे कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा मोठेपणा वादातीत आहे. परंतु त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी चौक लिहिले, त्यांची नावे कोठेही लागली नाहीत. आपल्या रांगोळीसारखेच झाले, सण संपला की भिंत पुन्हा सारवावयाची. तेव्हा बैठकीत हे चित्र अवश्य लावावे, पण ते कोणाच्या बोटांतून उतरले आहे, हे मुलाबाळांना सांगून लावावे.

असो. त्या मुलीचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. तिची सारी चित्रे पाहून झाल्यावर मी तिला एकच विचारले, ‘ओट्याची उंची किती ठेवणार?’ ती म्हणाली, ‘काकू, चौतीस इंच. सगळीकडे तेवढीच असते.’ माझ्या जुन्या घरातही तेवढीच होती. माझी स्वतःची उंची चार फूट दहा इंच. त्या घरात तीस वर्षांहून अधिक काळ मी ओट्यापाशी लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहिले, आणि पोळ्या लाटताना खांदे वर चढवून लाटल्या. आज माझा उजवा खांदा वर उचलत नाही. ओटा बांधणाऱ्याने त्या वेळी मला विचारले नाही, हे खरे. पण मीही कधी तोंड उघडले नाही, हेही तितकेच खरे.

मी पाट आणून तिला दाखविला. ती गप्प झाली. मग पर्समधून टेप काढून तिने माझ्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजली. कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली ओटा असला म्हणजे हाताला बरे पडते, असे तिने सांगितले. सूनबाई उंच, तिचेही माप घेतले. शेवटी ओटा दोन उंचींचा ठरला. मळण्या-लाटण्याचा भाग एकतीस इंच आणि शेगडीकडचा पस्तीस.

टेप गुंडाळता गुंडाळता ती थांबली आणि माझ्या मुलाकडे वळून म्हणाली, ‘दादा, तुम्हीही या. तुमचंही माप घेऊन ठेवते.’

चिरंजीव उठले. आता सकाळचा चहा त्यांच्याकडे आहे.