घरगुती विज्ञानप्रयोग, बालकांचे (भिलाई)

प्रयोगशाळेच्या उपकरणांवाचून, घरात किंवा जवळच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तू वापरून, साधारणतः पाच ते बारा वर्षांच्या मुलांनी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावयाचे प्रयोग. चमत्कार दाखविणे हा त्यांचा हेतू नसतो. एका वेळी एकच अट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्यात आणि पडलेला फरक कशामुळे पडला ते शोधावे, ही शिस्त मुलाच्या अंगवळणी पडावी, हा असतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेसाळता ‘ज्वालामुखी’ सर्वांत लोकप्रिय असला, तरी त्यात मुलाला बदलून पाहण्याजोगे काही ठेवलेले नसेल, तर तो प्रयोग न राहता नुसता तमाशा होतो.

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर या प्रयोगांना विशेष अनुकूल आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारानुसार येथे पोलाद प्रकल्प उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रकल्पाला लागणारे लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहरा खाणींतून आणि चुनखडी जवळच्या नंदिनी येथून आली. शहराची वस्ती या कारखान्याच्या निमित्ताने देशभरातून आलेल्या कुटुंबांची असून त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. कारखान्यात प्रचंड उष्णतेने जे घडवून आणले जाते, त्याची उलट क्रिया घरातल्या ओलसर हवेत आपोआप आणि सावकाश घडत असते. भिलाईतील मुलाला या दोन्ही बाजू एकाच शहरात पाहावयास मिळतात.

लोखंड आणि गंज : दल्ली-राजहराचे खनिज मुख्यतः हेमॅटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे तांबूस संयुग आहे. झोतभट्टीत कोकपासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू त्यातील ऑक्सिजन काढून घेतो. या क्रियेस क्षपण म्हणतात. लोखंड गंजते तेव्हा ते ऑक्सिजन पुन्हा घेते आणि त्यासोबत पाणीही धरून ठेवते. ही गोष्ट दाखविण्यासाठी जस्ताचा मुलामा नसलेले सारखे खिळे घासून स्वच्छ करावेत आणि काचेच्या चार बरण्यांत ठेवावेत. पहिल्या बरणीत खिळा अर्धा बुडेल इतके साधे पाणी असावे. दुसरीत उकळून हवा घालविलेले पाणी काठोकाठ भरून, ते निवण्यापूर्वीच वर तेलाचा थर द्यावा. तिसरी कोरडी ठेवून तीत नव्या बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी घालून झाकण घट्ट लावावे. चौथीत मिठाचे पाणी घ्यावे. काही दिवसांत पहिल्या आणि चौथ्या बरणीतील खिळ्यांवर गंज दिसू लागतो, बहुधा चौथ्यात अधिक; दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीतील खिळे जवळजवळ तसेच राहतात. गंजण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतात, एकट्याने भागत नाही, हे सांगण्याऐवजी मुलालाच ताडू द्यावे.

याच साहित्यातून एक कोडेही उभे राहते. ज्या खनिजातून लोखंड निघते ते हेमॅटाइट साध्या चुंबकाला चिकटत नाही, आणि तांबूस गंजाची बारीक पूडही चुंबकाकडे फारशी ओढली जात नाही, मात्र खिळा चटकन चिकटतो. संयुगाचे गुणधर्म त्याच्या घटकांच्या गुणधर्मांहून वेगळे असतात, ही शाळेत उशिरा येणारी कल्पना यातून सहज पोहोचते. गंज खरवडताना मूळ लोखंडाचे कण त्यात मिसळले तर निकाल फसवा येतो, म्हणून पूड पाण्याच्या तळाशी साचलेल्या गंजाची घ्यावी.

हवेतील ऑक्सिजन : पाण्याच्या थाळीत मेणबत्ती पेटवून तिच्यावर पेला उपडा घातला की मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी दिलेली व्याख्यानमाला मेणबत्तीवरच होती आणि तेव्हापासून मेणबत्ती हे बालविज्ञानाचे लाडके साधन राहिले आहे. परंतु या विशिष्ट प्रयोगाचे ‘हवेतील एकपंचमांश ऑक्सिजन जळून गेला, म्हणून तितके पाणी चढले’ हे सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे. ऑक्सिजन पूर्ण संपण्याच्या बऱ्याच आधी ज्योत विझते, आणि पाणी चढते ते मुख्यतः पेल्यातील तापलेली हवा निवून आकसल्यामुळे. पाण्याची चढण ज्योत जळत असताना नव्हे, तर ती विझता-विझता झपाट्याने होते, हे लक्ष देऊन पाहणाऱ्या मुलालाही दिसते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक चढते, आणि ऑक्सिजनचे प्रमाण तर तेच असते. ऑक्सिजनचे प्रमाण खरोखर पाहावयाचे असेल तर लेथ चालणाऱ्या कारखान्यातून मिळणारा लोखंडाचा कीस साबणाने धुऊन तेलकटपणा घालवावा, ओल्या पेल्याच्या आतल्या बाजूस चिकटवावा आणि पेला पाण्याच्या थाळीत उपडा ठेवावा. कीस गंजत जातो तसे पाणी काही दिवसांत हळूहळू वर येते आणि पेल्याच्या सुमारे एकपंचमांशावर थबकते. या प्रयोगात उष्णता जवळजवळ नसल्याने त्याचे उत्तर विश्वासार्ह ठरते.

चुना : झोतभट्टीत चुनखडी ही अभिवाह म्हणून, म्हणजे खनिजातील वाळूसारख्या अशुद्ध द्रव्यांशी संयोग पावून त्यांची वितळलेली मळी करण्यासाठी घातली जाते. तीच चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो आणि त्यात पाणी घातले की विरलेला चुना. पानाचा चुना पुष्कळ पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, की वर स्वच्छ निवळी मिळते. तीत नळीने हळूच फुंकल्यास उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे ती दुधाळ होते. हा दुधाळपणा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात पुन्हा चुनखडीच. खूप वेळ फुंकत राहिल्यास ती परत निवळते, कारण कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते.

दर्शक : आम्ल आणि अल्कधर्मी पदार्थांत निरनिराळा रंग दाखविणाऱ्या द्रव्यास दर्शक म्हणतात. हळदीने माखलेला कागद चुन्याच्या निवळीत किंवा साबणाच्या पाण्यात लालसर होतो आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा पडतो. हळदीवर चुन्यासारख्या अल्कधर्मी द्रव्याची प्रक्रिया करून कुंकू करण्याची परंपरागत कृती याच बदलावर आधारलेली आहे. जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी व अल्कधर्मी द्रावणात हिरवा दिसतो, त्यामुळे आम्ल ओळखण्यास तो हळदीपेक्षा उपयुक्त ठरतो.

उष्णता : भिलाईत रेल्वेसाठी १३० मीटर लांबीचे अखंड रूळ तयार होतात. पोलाद दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या सुमारे ०·००००१२ पट वाढते, या हिशेबाने तापमान ३० अंशांनी चढल्यास असा मोकळा रूळ सुमारे पावणेपाच सेंटिमीटर लांबतो. घट्ट बसलेले बरणीचे लोखंडी झाकण गरम पाण्यात धरल्यावर सैल होते ते याच कारणाने. बाष्पीभवनासाठी मात्र वेगळे साहित्य जमविण्याची गरज नाही : दोन सारख्या तापमापकांपैकी एकाला ओले फडके गुंडाळून मे महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये नोंदी घेतल्या, की कुलर उन्हाळ्यात गार करतो आणि पावसाळ्यात का करीत नाही, याचा उलगडा होतो.

परंपरा : कमी खर्चाच्या प्रयोगांचे हे वळण मोठ्या अंशी याच प्रदेशात घडले. छत्तीसगड २००० पर्यंत ज्या मध्य प्रदेशाचा भाग होता, त्याच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. या कार्यक्रमात काही काळ काम केलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांपासून रचना करण्याची पद्धत रुजविली, आणि पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा मोठा संग्रह मुलांपुढे ठेवला.

दक्षता : चुना डोळ्यात गेल्यास बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून निवळी मोठ्यांनीच तयार करावी, फुंकताना मुलाच्या डोळ्यांवर चष्मा असावा आणि द्रव नळीने वर ओढू देऊ नये. चुना डोळ्यात उडाल्यास डोळा तत्काळ वाहत्या स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन डॉक्टरांकडे न्यावे. लोखंडाचा कीस बोटांत रुततो, तो चमच्याने हाताळावा. ज्योत आणि उकळते पाणी पूर्णपणे मोठ्यांच्या हाती ठेवावे. छोटी चुंबके व बटणाएवढ्या विद्युत्घटमाला लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण त्या गिळल्या गेल्यास आतड्याला व अन्ननलिकेला गंभीर इजा होते.