मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग

मोठे आतडे व त्याचा अखेरचा भाग असलेला गुदाशय यांच्या अस्तरात उद्भवणारा कर्करोग. २०२२ मध्ये जगभरात याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले व ९ लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे. बहुतेक गाठी आधीच्या निरुपद्रवी पॉलिपपासून (अस्तरावरील मांसल वाढीपासून) वर्षानुवर्षे सावकाश बनतात. पॉलिप वेळीच दुर्बिणीतून काढल्यास त्यातून होणारा कर्करोग टळतो.

जोखीम : वाढते वय, स्थूलता, बैठी राहणी, मद्य, तंबाखू, आतड्याचा जुनाट दाह. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगजनक ठरवले. रोजच्या ५० ग्रॅममागे जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. हा आकडा सॉसेज, बेकन, हॅम यांचा आहे. घरच्या मटणाला तो जसाच्या तसा लावू नये. लाल मांसाची नोंद ‘बहुधा कर्करोगजनक’ अशी आहे. लिंच सिंड्रोमसारख्या आनुवंशिक विकारांत रोग तरुणपणीच होऊ शकतो.

उपचारांची गुणवत्ता : गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया कशी झाली यावर बरेच काही ठरते. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील शल्यविशारद रिचर्ड हील्ड यांनी १९८२ मध्ये गुदाशय त्याभोवतीच्या मेदाच्या आवरणासह अखंड काढण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. लीड्सचे फिलिप क्वर्क यांनी १९८६ मध्ये दाखवले, की काढलेल्या भागाच्या बाह्य कडेपर्यंत कर्करोग पोचला असेल, तर तो उलटण्याचा धोका मोठा असतो. म्हणून विकृतिशास्त्रज्ञाच्या अहवालात या कडेची स्थिती नोंदलेली हवी, आणि किमान १२ लसीका ग्रंथी तपासलेल्या हव्यात. ग्रंथी कमी तपासल्या, तर रोगाचा टप्पा प्रत्यक्षाहून अलीकडचा ठरू शकतो व गरजेचा रसायनोपचार राहून जातो. दुर्बीण तपासणीचेही तसेच : ज्या डॉक्टरांना पॉलिप अधिक सापडतात, त्यांच्या रुग्णांना पुढे कर्करोग कमी होतो.

भारत : रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी, मात्र गुदाशयाच्या गाठींचा व तरुण रुग्णांचा वाटा तुलनेने मोठा आहे. राष्ट्रीय चाचणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, हा नाही. शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून महिनोन्‌महिने औषधे चालतात. गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ बोटाने तपासल्यास मिनिटभरात हाताला लागते. ही तपासणी संकोचापोटी टाळली जाते, हे अक्षम्य आहे. शस्त्रक्रियेनंतर मल गोळा करणाऱ्या पोटावरच्या पिशवीच्या धास्तीने काही रुग्ण शस्त्रक्रियाच नाकारतात; ही पिशवी पुष्कळदा तात्पुरती असते.

गुदद्वाराचा कर्करोग : हा निराळा रोग असून त्यावर मुख्यतः किरणोपचार व रसायनोपचार करतात.