पुसला गेलेला ठिपका

सूर्यकिरण लोलकांतून गेला म्हणजे त्याचे निरनिराळे रंग दिसूं लागतात. हे रंग लोलक उत्पन्न करीत नाहीं; ते प्रकाशांत मूळचेच असतात, असें न्यूटननें १६६६ च्या सुमारास प्रयोगानें ठरविलें. वेगळा काढलेला तांबडा किरण दुसऱ्या लोलकांतून नेला, तरी तो तांबडाच राहिला. पारदर्शक पदार्थानें प्रकाश वळवावा, विभागावा. त्याचा रंग मात्र पालटूं नये, हा जणूं सृष्टीचा कायदाच झाला. १९२८ सालीं कलकत्त्यास रामन यांनीं त्याला एक सूक्ष्म अपवाद दाखविला. परंतु तेथें रंग किती पालटावा हें पदार्थाच्या रेणूंवर अवलंबून होतें. प्रकाश मंद कीं प्रखर, हा प्रश्न त्यांत नव्हता.

तो प्रश्न लेसरनें उभा केला. १६ मे १९६० रोजीं कॅलिफोर्नियांत थिओडोर मैमन यांनीं माणकाच्या कांडींतून पहिला लेसर-प्रकाश काढला. पदार्थांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर झुलत असतात. साध्या उजेडांत हा झोका इतका लहान असतो कीं, तो मूळ तालाची हुबेहूब नक्कल करतो. लेसरच्या झोतांत झोका मोठा होतो. आणि गारेच्या स्फटिकांत अणूंची रचना दोन्ही अंगांस सारखी नसल्यामुळें तो एकीकडे अधिक व दुसरीकडे कमी जातो. मग षड्जाच्या पोटीं तारषड्ज जन्मावा, तसा दुप्पट कंपनसंख्येचा नवा प्रकाश उमटतो. पुंजवादाच्या भाषेंत, तांबड्या प्रकाशाचे दोन कण लोपून दुप्पट शक्तीचा एक कण निर्माण होतो.

१९६१ सालीं मिशिगन विद्यापीठांत पीटर फ्रँकन व त्यांचे तीन सहकारी यांनीं हेंच करून पाहिलें. ६९४३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा तांबडा झोत स्फटिकांत शिरला. बाहेर त्याच्यासवें निम्म्या तरंगलांबीचा, डोळ्यांस न दिसणारा जंबुपार प्रकाशहि निघाला. छायाचित्राच्या कांचेवर त्याचा पुरावा म्हणजे एक अगदीं बारीक ठिपका होता. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'च्या १५ ऑगस्टच्या अंकांत तें चित्र छापतांना तो ठिपका धुळीचा डाग समजून पुसण्यांत आला! ठिपक्याकडे बोट दाखविणारा बाण तेवढा मागें राहिला.

शोध मात्र पुसला गेला नाहीं. शास्त्रांत चित्रापेक्षां प्रयोग मोठा, आणि तो कोणालाहि पुन्हा करून पाहतां येतो. १९६२ सालींच स्फटिक योग्य कोनांत धरून हा प्रकाश पुष्कळ वाढवितां येतो, हें सिद्ध झालें. आज व्याख्याता भिंतीवर जो हिरवा प्रकाशबिंदु फिरवितो, तो पुष्कळदां अदृश्य अवरक्त प्रकाशापासून याच रीतीनें घडविलेला असतो. एके काळीं डाग म्हणून पुसलेला ठिपका असा सर्वांच्या डोळ्यांसमोर नाचत आहे.