स्वादुपिंडातील सिस्ट: निदानाच्या संभ्रमाचा इतिहास

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून असलेले स्वादुपिंड हाताला सहसा लागत नाही आणि साध्या क्ष-किरण चित्रातही नीट दिसत नाही. त्यामुळे त्यात निर्माण होणाऱ्या द्रवाने भरलेल्या पोकळीचे, म्हणजेच सिस्टचे, निदान विसाव्या शतकात बराच काळ शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनातच होत असे. पेशींचे स्वतःचे अस्तर असलेल्या अशा गाठीला सिस्टॅडिनोमा म्हणत. मात्र त्यातली कोणती निरुपद्रवी आणि कोणती पुढे कर्करोगाकडे झुकणारी, हे सांगण्याची भरवशाची रीत नव्हती.

हा गुंता 1978 मध्ये सुटू लागला. अमेरिकी सेनादलांच्या विकृतिशास्त्र संस्थेतील कॉम्पॅग्नो आणि ओएर्टेल यांनी दोन स्वतंत्र निबंधांत दोन निराळे आजार मांडले. पहिल्या निबंधातील 34 गाठींचा छेद मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बारीक छिद्रांचा होता, अस्तरातील बुटक्या पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे शरीर साठवून ठेवते ती साखर, ठासून भरलेली होती आणि कर्करोग एकीतही नव्हता. दुसऱ्या निबंधातील 41 गाठींच्या उंच पेशी मात्र बुळबुळीत श्लेष्मा स्रवत होत्या व त्यांच्यात कर्करोग उघड किंवा सुप्त असू शकत होता. शिवाय एकाच भिंतीवर निरोगी दिसणारे आणि बिघडलेले अस्तर शेजारी शेजारी असल्यामुळे एखादा लहानसा तुकडा तपासून निर्वाळा देणे धोक्याचे होते. पुढची सगळी वर्गवारी या भेदावर उभी आहे, आणि तो कोणत्याही नव्या यंत्राने नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाखाली नमुने बारकाईने पाहून सापडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

यंत्रे आली ती पेच वाढवत. 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, आणि पुढे हे तंत्र पोटासाठी रुळल्यावर भलत्याच कारणाने केलेल्या तपासणीत सिस्ट दिसू लागल्या. दिसल्यावर त्यांच्याकडे काणाडोळा करणे डॉक्टरांना अवघड झाले. एंडोस्कोपीच्या टोकाला सोनोग्राफी जोडून जठराच्या भिंतीतून सुईने द्रव काढणे शक्य झाले तेव्हा त्या द्रवातील सीईए या प्रथिनाचे मोजमाप सुरू झाले. 2004 च्या एका अमेरिकी अभ्यासाने मिलिलिटरमागे 192 नॅनोग्रॅम ही सीमारेषा सुचवली. तिच्या वर श्लेष्मल सिस्टची शक्यता अधिक. तिची अचूकता 79 टक्के होती, म्हणजे साधारण पाचांतला एक निष्कर्ष चुकत होता.

1985 मध्ये प्रथम वर्णिलेल्या लिम्फोएपिथेलियल सिस्टने तर या सीमारेषेचीच परीक्षा पाहिली. ही दुर्मिळ गाठ मुख्यतः प्रौढ पुरुषांत आढळते. तिचे अस्तर त्वचेसारख्या चपट्या पेशींचे, भोवती लसिकापेशींचा दाट थर, आत केराटिनचा लगदा, आणि कर्करोगाशी तिचा संबंध नाही. तरीही तिच्या द्रवात सीईए आणि रक्तात सीए 19-9 हा कर्करोगसूचक घटक वाढलेला असू शकतो. सुईतून आलेल्या द्रवात केराटिन व लसिकापेशी दिसल्या तरच संशय फिटतो.

कॉम्पॅग्नो व ओएर्टेल यांनी निरुपद्रवी ठरवलेल्या पहिल्या प्रकाराच्या 2,622 रुग्णांचा बहुराष्ट्रीय अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील 61 टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली होती आणि बहुतेकदा तिचे कारण निदानाची अनिश्चितता हेच होते. या आजारामुळे एक रुग्ण दगावला; शस्त्रक्रियेनंतर दगावलेले दहा होते.