समुद्रावरील तीन मिनिटांचें मौन

विसाव्या शतकांत जहाजांच्या बिनतारी खोल्यांतून एक चमत्कारिक घड्याळ टांगलेलें असे. त्याच्या तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस ह्या मिनिटांच्या जागीं दोन तांबड्या पाचरी रंगविलेल्या असत. मिनिटकांटा त्या पाचरींत शिरला कीं, तारमास्तरानें हातांतील संदेश कितीही निकडीचा असला तरी थांबावें आणि तीन मिनिटें केवळ ऐकत बसावें, असा नियम होता. हा नियम कां करावा लागला, त्याची हकीकत मोठी दारुण आहे.

बिनतारी यंत्राचा लौकिक प्रथम वाढला तो १९०९ च्या जानेवारींत. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यांत ‘रिपब्लिक’ आणि ‘फ्लॉरिडा’ ह्या आगबोटींची टक्कर झाली, तेव्हां जॅक बिन्स नांवाच्या तारमास्तरानें साहाय्य मागविल्यामुळें दीड हजारांहून अधिक माणसें वांचलीं. यंत्र जवळ आहे म्हणजे संकटाची धास्ती नाहीं, असा समज सर्वत्र पसरला. परंतु हांक मारण्याची सोय झाली तरी ती ऐकण्यास कोणी जागें असेलच, ह्याची तजवीज कोणीं केली नव्हती. ‘एस्. ओ. एस्.’ ही खूण १९०६ च्या बर्लिन येथील परिषदेंत ठरली होती; पण बहुतेक जहाजांवर तारमास्तर एकटाच असे, आणि तो झोंपला कीं जहाजाचा कान मिटे.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ‘टायटॅनिक’वरील जॅक फिलिप्स उतारूंचे खासगी निरोप केप रेसच्या ठाण्याकडे पाठविण्यांत गुंतला होता. आदल्या रात्रीं यंत्र बिघडल्यामुळें निरोपांचा ढीग सांचला होता. अकराच्या सुमारास जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरील सिरिल इव्हान्सनें आपण बर्फामुळें थांबलों असल्याची खबर दिली. कामांत व्यत्यय आल्यानें फिलिप्सनें त्यास तुटकपणें गप्प बसविलें. सकाळपासून एकट्यानें काम केलेला इव्हान्स साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून निजला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली!

मध्यरात्रीनंतर फिलिप्सच्या हांका आकाशांतून जाऊं लागल्या. त्या ‘कार्पेथिया’वर पोंचल्या, त्याही दैवयोगानें, तेथील हॅरॉल्ड कॉटम निजण्याच्या तयारींत होता, परंतु श्रवणयंत्र अद्याप कानांवर होतें. तें जहाज सुमारें ५८ मैल दूर होतें. तें येऊन पोंचलें तेव्हां ‘टायटॅनिक’ बुडून दीड तासाहून अधिक वेळ लोटला होता. सातशेंहून अधिक माणसें होड्यांतून वांचलीं. दीड हजारांहून अधिक बुडालीं. शेवटपर्यंत यंत्राजवळ राहिलेला फिलिप्सही त्यांतच गेला.

इव्हान्सनें यंत्र बंद करून कोणताही नियम मोडला नव्हता. उणीव होती ती नियमाचीच. त्याच वर्षीं अमेरिकेनें पन्नास किंवा अधिक माणसें वाहणाऱ्या आगबोटींवर दोन तारमास्तर ठेवून अखंड पहारा करण्याचा कायदा केला. २० जानेवारी १९१४ रोजीं लंडन येथें समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढें मौनाचीं मिनिटें ठरलीं, म्हणजे मोठ्या ठाण्यांच्या गलबल्यांत दूरच्या दुर्बल यंत्राची हांक बुडूं नये. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील परिषदेनें प्रत्येकीं चार सेकंदांच्या बारा दीर्घ रेघांची एक खूण ठरविली. ती ओळखून आपोआप घंटा वाजविणारें यंत्र बसविलें कीं झोंपलेला तारमास्तरही उठे.

१ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था पूर्णपणें अमलांत आली आणि त्या घड्याळाचें काम संपलें. सावधगिरीचें मर्म मात्र पालटलें नाहीं. संकटाची वाहिनी गप्पांसाठीं अडवूं नये, बोलण्यापूर्वीं ऐकावें, आणि चुकून संकटसूचना सुटल्यास यंत्र मुकाट्यानें बंद न करतां किनाऱ्यावरील ठाण्यास तत्काळ कळवावें, हीं पथ्यें आजही पाळावीं लागतात. कारण प्रत्येक खोट्या हांकेमागें कोठें तरी शोधासाठीं खरीं माणसें निघतात. यंत्राची शक्ति कितीही वाढली तरी हांकेस अर्थ येतो तो ऐकणाऱ्यामुळेंच.