निळं इंजिन, रुपेरी राणी आणि लाल डबा

एखादी गाडी कंपनीची होती ती सरकारची झाली, हे प्रवाशाला कळतं कसं? रूळ तेच, ड्रायव्हर तोच, उशीरही बहुधा तेवढाच. डोळ्यांना दिसेल असा बदलतो तो फक्त रंग. माझ्या पीएचडीतला हा एक लहानसा कोपरा आहे, पण सगळ्यात रमायला होतं ते इथेच.

आधी ब्रिटनकडे जाऊ. १ जानेवारी १९४८ ला तिथल्या चार मोठ्या रेल्वे कंपन्या सरकारी झाल्या आणि ‘ब्रिटिश रेल्वेज’ जन्माला आली. प्रत्येक कंपनीला आपल्या रंगाचा अभिमान. ग्रेट वेस्टर्नचा गडद हिरवा, सदर्नचा झगझगीत हिरवा, एलएनईआरचा कोवळा हिरवा, एलएमएसचा किरमिजी. यातला एक निवडला की बाकीचे रुसणार! म्हणून त्या वर्षी इंजिनांवर वेगवेगळे रंग लावून बघितले गेले, आणि १९४९ पासून सर्वांत ताकदवान एक्स्प्रेस इंजिनांसाठी निळा ठरला, त्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा. (पेणच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे रेखाटण्याला ‘आखणी’ म्हणतात. या रेघांसाठी मला तरी तोच शब्द सुचतो. हात हलला की संपलं.) एलएनईआरच्या काही वेगवान इंजिनांवर निळा आधीही होता, पण कोणत्याही कंपनीची ती मुख्य ओळख नव्हती. म्हणजे मांडवलीला बरा रंग.

पण हा निळा टिकला नाही. कोळशाचा धूर, काजळी, पाण्याचे ओघळ आणि वरून सततची घासपूस यांत तो लवकर विटायचा. युद्धानंतर इंजिनं पुसायला माणसंही पुरेशी मिळत नव्हती. दोन-तीन वर्षांतच तो मागे पडला आणि त्याच्या जागी ‘ब्रन्सविक’ हिरवा आला, म्हणजे जवळपास ग्रेट वेस्टर्नचाच! कुणाचाच नसलेला रंग शोधायला निघालेल्या सरकारने मिरवायच्या इंजिनांना अखेर एका बंद झालेल्या कंपनीचा अंगरखा घातला.

आपल्याकडे क्रम वेगळा आहे. मुंबई-पुण्याची जीआयपी रेल्वे सरकारने १९०० मध्येच विकत घेतली होती, कारभार मात्र कंपनीकडेच राहिला आणि १९२५ मध्ये तोही सरकारकडे आला. ब्रिटनच्या कितीतरी आधी. सरकारी कारभार म्हणजे सगळं एकसारखं आणि मळकट, असं आपण सहज बोलून जातो. पण याच सरकारी जीआयपीने १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू केली. घाटात तेव्हा वीज आलेली होती, त्यामुळे रंगाला काजळीचा धाक कमी. दोन रेक होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. सांगाडे इंग्लंडहून आले, डबे माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये बांधले गेले. थाट इंजिनावरून डब्यांवर उतरला तो असा.

बसणार कोण, हा प्रश्न मात्र रंगाने सुटत नाही. या सरकारी गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ ला पहिला वर्ग रद्द झाला, म्हणजे दुसऱ्यालाच पहिला म्हणायला लागले. १९५१ मध्ये जीआयपी जाऊन मध्य रेल्वे आली. तिसऱ्या वर्गाला या गाडीत जागा मिळाली थेट जून १९५५ मध्ये. पंचवीस वर्षं बहुसंख्य लोकांनी ती रुपेरी-निळी राणी फलाटावरूनच बघितली! रंगांच्या इतिहासात ही गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही, आणि मला ती रंगाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता गंमत बघा. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, खासगी मोटारवाल्यांच्या जागी मुंबई सरकारची. तिचा रंग? निळा आणि रुपेरी! तारीखही डेक्कन क्वीनचीच. दोन्ही योगायोगच म्हणायचे. पण इथे वर्गाची भानगड नव्हती. तिकीट काढा, जागा असेल तिथे बसा. आज आपण जिला ‘लाल परी’, ‘लाल डबा’ म्हणतो ती जन्मतः लाल नव्हती, हे सांगितलं तर घरातली मोठी माणसंसुद्धा आधी हसतात.

पेण-रोह्याच्या बाबतीत तर रेल्वेपेक्षा एसटीच मोठी. पूर्वी मुंबईहून बोटीने यायचं, धरमतर नाहीतर रेवसला उतरायचं आणि पुढे मोटार. आपट्याहून रूळ रोह्यापर्यंत पोचले ते १९८६ मध्ये. वाफेच्या इंजिनांचे दिवस तेव्हा सरत आले होते. रंगीत एक्स्प्रेस इंजिन बघून हरखणाऱ्या ब्रिटिश पोरांचे किस्से वाचताना म्हणूनच मला इकडचे एसटी स्टँड आठवतात. सरकार म्हणजे कसं दिसतं, हे इथल्या दोन-तीन पिढ्या लाल रंगावरूनच शिकल्या.

कुणाच्या घरी जुन्या निळ्या एसटीचा फोटो असेल तर जरूर कळवा. फोटो कृष्णधवलच असणार म्हणा. रंग कुणाला नीट आठवत असेल तर तेही चालेल.